तात्यांच्या नावापर्यंत

बेल्ह्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवून छापणारा एकजण आहे. आमच्या घरची प्रत्येक पत्रिका त्याच्याकडेच होते. मागच्या लग्नाची फाईल उघडायची आणि नावं बदलायची. माऊसला तो सहसा हात लावत नाही. "माऊस फिरवीत बसलं की लई येळ जातो, राव," म्हणतो आणि सर्चमध्ये दोन अक्षरं टाकून थेट हव्या त्या नावावर उडी मारतो.

आमची यादी लांबलचक. थोरले चुलते, तात्या, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि सगळी भावकी घालायला लावायचे. "एक बी नाव ऱ्हायलं नाय पायजे!" मी वैतागायचो. "तात्या, पत्रिका हाये का मतदारयादी?"

परवा धाकट्या भावाच्या पत्रिकेसाठी मी एकटाच गेलो. "तात्यांच्या नावाआधी कै. लावा," एवढंच म्हणालो. त्याची बोटं सर्चकडे गेली आणि थांबली.

"तिथं उडी नको, भाऊ," तो म्हणाला.

खालचा बाण दाबत तो एकेक ओळ उतरू लागला. मामा, मावसे, आत्याचे यजमान, पार आळेफाट्याचे साडू मागं पडले आणि कर्सर तात्यांपाशी येऊन लुकलुकत राहिला.

यादी आणखी लांब हवी होती.