सोवळं फलन नको

ऐंशीचं दशक सरत आलं होतं, तेव्हा मी चंद्रपूरला बसस्टँडमागच्या एका खाजगी संस्थेत कॉम्प्युटर शिकवायचे. मशीन दोन, विद्यार्थी तेरा. बहुतेक सरकारी ऑफिसांतले नाहीतर कोळसा खाणीतले बाबू. दिवसभर तिथे बेसिक भाषेत प्रोग्राम लिहायचे आणि संध्याकाळी माझ्याकडे यायचे. नागपूरला एम.एस्सी. करताना मी फंक्शनल प्रोग्रॅमिंगवरचे, म्हणजे सगळा प्रोग्राम फलनांनी बांधायच्या पद्धतीवरचे, काही इंग्रजी लेख झेरॉक्स करून आणले होते, पानोपानी ग्रीक अक्षरं. हे बाबूंच्या डोक्यावरून जाईल, असं जो तो मला सांगायचा. मला संताप यायचा. कल्पना सोपी होती, लिहिणाऱ्यांनीच ती माडीवर नेऊन ठेवली होती.

फलन, इंग्रजीतलं फंक्शन, म्हणजे राइस मिल, असं मी पहिल्या दिवशी ठोकून दिलं. वरून धान टाका, खालून तांदूळ घ्या. तेच धान टाकलं की तोच तांदूळ. मी स्वतःवरच खूश. तेवढ्यात खाणीतल्या एका बाबूनं हात वर केला. हा वडश्याकडचा, थंडीत रजा काढून झाडीपट्टीच्या नाटकात काम करणारा.

"पन बाई, मंग धान तं गेलं ना?"

गेलंच की! आणि मला सांगायचं होतं नेमकं उलटं, की दिलेल्या मालाला धक्का लावायचा नाही. माझी चांगलीच फजिती झाली. शेवटी त्यानंच मला सोडवलं.

"नाटकाच्या वहीतून जो तो आपली नक्कल उतरवून घेते, बाई. काटछाट करायची तं आपल्या नकलेत करा. मूळ वहीले कोनी पेन लावला का समद्यायचं नाटक बिघडते."

त्याच्या ऑफिसच्या प्रोग्रामला हाच रोग होता. दोन तुकडे एकच आकडा आलटून पालटून बदलत बसायचे, आणि त्यात याची शिल्लक रजा शून्याच्याही खाली गेली होती. त्या दिवसानंतर कोणालाच वेगळं समजवावं लागलं नाही.

मग मी मराठीत नोट्स लिहिल्या. 'प्युअर फंक्शन', म्हणजे दिलं तेवढंच पाहणारं आणि बाहेरच्या कशालाही हात न लावणारं फलन, याला शब्द सुचेना म्हणून जागा कोरी सोडली. सायक्लोस्टाइलला देण्याआधी संस्थेच्या संचालकांनी नोट्स वाचल्या आणि त्या जागी सुरेख अक्षरात लिहिलं, 'सोवळं फलन'.

"बघा मॅडम, कुणाला शिवत नाही, कुणाला शिवू देत नाही. किती चपखल!"

चपखल होता, हेच तर दुखणं. माझ्या आईवडिलांनी छप्पन्नला दीक्षा घेतली. त्याआधी आई विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची, कुणी दया येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. तिच्या सावलीनं ज्यांचं सोवळं मोडायचं, त्यांचा शब्द मी चांगुलपणाचा म्हणून शिकवू? मी त्यांना हे तोंडावर सांगितलं.

"अहो, शब्दच तो. इतकं मनाला लावून घेऊ नका."

"लावून घेणार," मी म्हटलं.

"मग ऐका. हाच शब्द राहील, नाहीतर तुमचा वर्ग बंद."

संध्याकाळी मी वर्गालाच शब्द विचारला. पुढच्या बाकावरची वनखात्यातली टायपिस्ट म्हणाली, "ते दुसऱ्याच्या कामात लुडबुड नाई करत ना? मंग बिनलुडबुड्या म्हना." वर्ग खो खो हसला. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बिनलुडबुड्या फलन'. इतका नेमका शब्द मला त्या इंग्रजी लेखांतही सापडला नव्हता. तोच नोट्समध्ये घालून मी कागद परत पाठवला.

आठवड्यानं छापील नोट्स आल्या. शब्द त्यांचाच. मी त्या वाटल्या आणि म्हटलं, "पेन काढा. तिसऱ्या पानावरचा तो शब्द खोडा, आपला लिहा."

तेरा पेनं चालायला लागली. मान वर केली तर संचालक दारात उभे.

"मॅडम, उद्यापासून येऊ नका."

मी खडू उचलला.

"मग उद्याचा धडा आजच घेते," असं म्हणून मी फळ्याकडे वळले. मागे एकही बाक सरकल्याचा आवाज आला नाही.