इंझोरीचा वजीर

आमच्या इंझोरीच्या वजिराचा आवाज इतका बारीक, की सल्ला ऐकायला कान त्याच्या मिशीत घालावा लागे. मिशी अशी दाट, की त्या जंगलात शिरलेली दोन-तीन माणसं अजून परतली नाहीत म्हणतात.

राजा नाही, दरबार नाही. चार एकर कपाशी आणि एक आंधळा बैल. तरी सारं गाव त्याला वजीर म्हणे. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, "वजीर म्हणजे प्रधान." मग प्रधान स्वतःच्या हातानं शेण का भरतो? मला चैन पडेना.

त्याचा एक नेम होता. सल्ला चुकला, तर तो स्वतः निस्तरायचा. आणि तोवर दुसऱ्याला अक्षर सांगायचं नाही.

माझं लग्न झालं त्या उन्हाळ्यात बायको नाल्याचं पाणी वाहून कावली. "विहिरीले पानी लागलं का निरोप धाडा," म्हणून सरळ माहेरी, मेडशीला निघून गेली. विहीर कुठं खणावी, हे विचारायला मी वजिराकडे धावलो. पाणाड्यानं दाखवलेली जागा सोडून त्यानं भलतीकडेच टाच रोवली. "इथं खंद."

वीस हातांवर काळा खडक लागला. मी ओरडलो, "काका, तुमच्या सल्ल्यापायी माही बायको जाऊन राह्यली ना!"

दुसऱ्या दिवशी तो स्वतःची पहार घेऊन विहिरीत उतरला. मी काठावर फुगून बसलो. सल्ला विचारायला लोक येत, तर खालून विहिरीत घुमलेला बारीक आवाज येई, "आधी हे निपटू दे बाप्पा!"

पहारीला टोक काढायला मी मंगरूळपीरला गेलो. दर्ग्याजवळ एक म्हातारे मौलवी भेटले. त्यांनाही वजीर म्हणजे काय, तेच विचारलं. हसून म्हणाले, "अरबी लफ्ज है, बेटा. मूळ कोणतं, यावर आलिम, पंडित लोक झगडतात. पर मैं तो मानता हूँ, विज्र म्हणजे बोझ. दुसऱ्याचा बोझ उठाए, वो वजीर. मशविरा, सल्ला, तो कोई भी देता है."

परतलो तो काठावर बसलोच नाही, खाली उतरलो. दोघांनी इतकं खणलं, की पाताळातल्या बायकांची भांडणं ऐकू यायला लागली. अखेर एका सकाळी खडकातून बोटभर धार फुटली.

"निरोप मी घेऊन जातो," मी म्हणालो.

"सल्ला माहा व्हता. तोंड बी मीच दावतो." तांब्या भरून, फडकं बांधून तो निघालाच. मी मागं. मेडशीपर्यंत दोन मुक्काम झाले. तांब्या त्यानं मला धरू दिला नाही.

सासुरवाडीच्या अंगणात त्यानं तो पुढं केला. "सूनबाई, चाखून पाहा."

तिनं त्याच्या फुटलेल्या तळहातांकडे पाहिलं, मग तांब्यात. "गढूळ हाय," म्हणाली. आणि तांब्या तळापर्यंत रिकामा केला. पदरानं तोंड पुसत माझ्याकडे वळली.

"तुमी काहून हात हालवत आले? माहं गठुडं कोन उचलन?"