विमानाचं चित्र असलेलं कार्ड

मॉलच्या दाराशी एका मुलीने टेबलावर तीन क्रेडिट कार्डं मांडली होती. एकावर किराणा-औषधांची सूट, दुसऱ्यावर पेट्रोलची, आणि तिसऱ्या निळ्या कार्डावर प्रवासाची, त्यावर विमानाचं चित्र. "तुमचा जास्त खर्च कशावर होतो ते बघून ठरवा," ती म्हणाली. माझ्या नवऱ्याचं बोट सारखं त्या विमानावर जाऊन थांबत होतं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून आम्ही कुठे फिरायला गेलेलो नाही. आमचा खर्च म्हणजे औषधं, डायपर आणि त्यांना सांभाळणारी बाई. आत्ताही बाई घरी गेल्यावर शेजारच्या काकू त्यांच्याजवळ बसल्या होत्या, म्हणून आम्ही बाहेर पडलो होतो.

"घेऊन टाका सर, पाच वर्षं चालतं," मुलगी म्हणाली.

मागचा खर्च बघून कार्ड निवडताना आपण पुढचे दिवसही तसेच मागून घेतो की काय? औषधांचं घ्यायचं, तर पाच वर्षं हेच चालणार असं धरायचं. आणि विमानाचं घ्यायचं, तर या पाच वर्षांत काय होणार असं धरायचं? मी उगाच पर्सची चेन उघडत-लावत राहिले. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो माझ्याकडेच बघत होता. दोघांनीही एकदम नजर वळवली.

चटका बसल्यासारखं त्याने विमानावरचं बोट उचललं.

"औषधांवर सूट कुठल्यावर म्हणालात?" त्याने विचारलं, गरज नसताना जरा मोठ्याने.