अण्णांच्या पंख्याची घुणघुण

वीणाअक्कांना मी कधी पाच मिनिटं एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. बंगळुरात, बनशंकरीला, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी वर्षभर भाड्याने राहते. खालून त्यांच्या चपलांची फटफट सतत ऐकू यायची. स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून स्वयंपाकघरात. घरून काम असलं की माझं डोकं उठायचं.

मग कारण कळलं. त्यांच्या यजमानांना, मधुकरअण्णांना, दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हाताशी घंटा ठेवली होती, पण ती त्यांनी एकदाही वाजवली नाही. बायकोला घंटा वाजवून बोलवायचं, हे त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. छताचा पंखा एकवर ठेवला की घाम, दोनवर ठेवला की हुडहुडी, आणि तक्रार शून्य. म्हणून अक्का घडोघडी उठायच्या आणि त्यांच्या मानेला हात लावून बघायच्या.

एका रविवारी सकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली. "यशश्री, तू इंजिनियर न्हवं? स्वल्प खाली ये की."

टेबलावर बारा व्होल्टचा छोटा पंखा होता. शेजारी एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेले सुटे भाग, वर्तमानपत्रावर हाताने काढलेली आकृती आणि एक पांढरा ब्रेडबोर्ड.

"अण्णांच्या डाव्या हाताला एक फिरवायची खुंटी द्यायची," अक्का म्हणाल्या. "वीज पटापट चालू-बंद, चालू-बंद करायची. चालू जास्त वेळ राहिली की पंखा जोरात, बंद जास्त वेळ राहिली की हळू. इतकंच की."

एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात अक्कांनी बत्तीस वर्षं डाख लावले. हजारो बोर्ड हाताखालून गेले, पण त्यातला एकही स्वतःच्या डोक्याने केलेला नव्हता. आता हात थरथरतो. मागे चादर जळाली, तेव्हा मुलाने, सुहासने, सोल्डरिंग आयर्न काढूनच घेतलं. म्हणून हा ब्रेडबोर्ड. भोकांत तारा खोचायच्या, डाख नको.

माझ्याकडे पदवी इलेक्ट्रॉनिक्सची असली तरी पोट बेळ्ळंदूरच्या सॉफ्टवेअर कंपनीवर चालतं. ब्रेडबोर्ड कॉलेजनंतर पाहिला नव्हता. हे सांगायचं सोडून मी म्हटलं, "दहा मिनिटांचं काम आहे, अक्का."

दोन तास झाले. बोर्डावरचा लाल दिवा लागलेला, पंखा मात्र ढिम्म. मी ट्रान्झिस्टर बदलला, तोही तीनदा. चिप बदलली. पंखा सरळ अडॅप्टरला लावला तर मजेत फिरत होता. मी आकृती उलटीसुलटी करून पाहत होते, फोनवर शोधत होते, आणि अक्का उठत होत्या, आत जात होत्या, परत येत होत्या.

"अक्का, एकदा बसा ना हो!" मी खेकसले.

"बसून कसं चालंल? ह्यांना उकडतंय का थंडी वाजतीय, मला कोण सांगणार?" त्यांचे डोळे भरून आले. "रोज वाटतं, मी चुलीपाशी असताना हे असेच घामात पडून राहतील."

मला माझीच लाज वाटली.

पदर डोळ्यांना लावून अक्कांनी कपाटातून जुना मीटर काढला, जोड सलग असला की बीप वाजणारा. कारखान्यात एक शिस्त होती. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून बघायची. मीटरचं एक टोक बोर्डाच्या कडेच्या लाल रेघेच्या सुरुवातीच्या भोकात धरून दुसरं त्या भोकाभोकाने सरकवू लागल्या. हात थरथरत होता, तरी भोक चुकत नव्हतं. बीप. बीप. बीप. मध्यावर आल्यावर आवाज बंद.

आम्ही वाकून पाहिलं. मध्यावर लाल रेघेत तांदळाएवढी फट होती. निळ्या रेघेतही तशीच. आतली पट्टी तिथे तुटलेली असते. जन्मभर अखंड पट्ट्यांवर काम केलेल्या अक्कांनी पंखा उजव्या अर्ध्यात जोडला होता, आणि वीज डाव्या अर्ध्यातच संपत होती. माझ्या पदवीला ती फट दिसली नव्हती.

"अय्यो, इतकंच?" म्हणत अक्कांनी दोन्ही फटींवरून तारेचे दोन तुकडे खोचले. पंखा घुणघुणला आणि फिरू लागला.

खुंटी अण्णांच्या डाव्या हाताशी बांधली. त्यांनी ती हळूच फिरवली. वारा वाढला, कमी झाला, मग त्यांना हवा तिथे थांबला. अण्णांनी डोळे मिटले. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांचा वारा त्यांनी ठरवला होता.

बाहेर येऊन अक्का खुर्चीत बसल्या. मी चहा केला. आता उठायचं कारण उरलं नव्हतं, आणि त्यामुळे त्या जास्तच अस्वस्थ दिसत होत्या. हात मांडीवर, नजर दाराकडे.

चहा अर्धा झाला आणि आतली घुणघुण एकदम वाढली. मग बारीक झाली. पुन्हा वाढली, पुन्हा बारीक.

"जळतंय काही!" म्हणून आम्ही दोघी धावलो.

काही जळत नव्हतं. अण्णा दाराकडे बघत खुंटी पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत होते. अक्कांनी मानेला हात लावला. ना घाम, ना थंडी. अण्णांनी खुंटी सोडली आणि पलंगाच्या कडेवर दोनदा थोपटलं. शेजारची घंटा तशीच पडून होती.

अक्का त्यांच्याजवळ बसल्या.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "अक्का, ही घुणघुण म्हणजे दोष आहे बरं का. एक छोटा भाग बदलला की आवाज अजिबात येणार नाही." आणि बोर्डाकडे हात नेला.

अण्णांचा हात दोन्ही हातांत धरून बसलेल्या अक्कांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"त्याला हात लावू नकोस गं," त्या म्हणाल्या.