धोंडुबाईची दावण

शिरोळकडच्या धोंडुबाईच्या सासरला भैरोबाने एक वचन दिले होते. सासऱ्याच्या आजोबांच्या वेळी गुरांत साथ आली, गोठा मोकळा झाला. तेव्हा गुरवाने देवाला कळ्या लावल्या आणि उजवी कळी पडली, म्हणजे देवाचा होकार. या घरची दावण कधी रिकामी राहणार नाही, असा तो कौल. देवाने तेवढ्यात चार एकर जमीन का दिली नाही, हे कुणी विचारले नाही. मागितली दावण, मिळाली दावण.

घरच्यांनीही देवाला अडचणीत आणायचे नाही असे ठरवले. म्हैस विकायची झाली तर आधी नवी बांधायची, मगच जुनी सोडायची. धोंडुबाईने हे आयुष्यभर पाळले. तिचा मुलगा अमरसिंह शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. गोठ्याच्या जागी चारचाकी लावावी असे त्याच्या मनात होते. ते मनातच राहिले, कारण आई धडधाकट होती.

मग महापूर आला. नावेत माणसांना घेत होते, म्हशींना नाही. धोंडुबाईने दावे सोडले, म्हशीच्या पाठीवर थाप मारली, "पव आता" म्हणाली आणि नावेत जाऊन बसली. पाणी ओसरल्यावर सगळे परत आले. म्हैस आली नाही.

नवी घ्यायला पुराने घरात पैसा ठेवला नव्हता. धोंडुबाईने गव्हाणीतला गाळ उपसला आणि तिच्यात वैरण टाकली.

"आई, ही कुणाला?" अमरसिंहने विचारले.

"दावणीला."

रोज ती ताजी वैरण टाकी आणि कालची शेजारणीच्या म्हशीपुढे नेऊन ठेवी. शेजारणीची भैरोबावरची श्रद्धा फार वाढली. वरून धोंडुबाई ठणठणीत दिसे, पण आतून ती घाबरली होती. इतक्या पिढ्या टिकलेला देवाचा शब्द आपल्याच हातून सुटला असे तिला वाटे, आणि हे बोलायची सोय नव्हती.

एक दिवस वैरणीच्या वासाने एक म्हैस येऊन उभी राहिली. परकी, गाभण, गळ्यात तुटके दावे.

"पाळला की देवानं शब्द!" अमरसिंह खूश झाला.

"ही कुणाच्या तरी दावणीची हाय. मला द्यायला भैरोबा दुसऱ्याचं लुटंल व्हय? जा, गावोगाव सांगून ये."

तो कुरकुरत गेला. मालक सापडला. नदीपलीकडचा पिराजी, थकलेला म्हातारा. म्हशीच्या पाठीवरून तो हात फिरवत राहिला. निघताना म्हणाला, "रेडी झाली तर तुमची. शब्द हाय माझा."

"बरं," धोंडुबाई म्हणाली आणि वैरण टाकायला गेली.

वर्ष गेले. पिराजी वारल्याचे कानावर आले.

"आता नाद सोड आई," अमरसिंह म्हणाला. "देव बोलंना आणि म्हातारा तर गेला."

त्या दिवशी धोंडुबाईने वैरण टाकली नाही. दुसऱ्या दिवशी टाकली, पण हात जड झाला होता.

दिवाळी झाल्यावर दारात टेम्पो थांबला. एक तरुण बाई उतरली आणि मागून तिने एक रेडी ओढून खाली घेतली.

"मी क्रांती, पिराजीची नात. आज्जानं तुमास्नी ही द्यायची म्हणून सांगितलंतं."

अमरसिंहला राहवले नाही. "अवो, ते तर गेले. न्हाय आणली असती तर कोण इचारणार हुतं?"

"आज्जा असता तर त्योच घिऊन आला असता," क्रांती म्हणाली. "त्यो न्हाय, म्हणून मी आले."

पुरात न रडलेली धोंडुबाई सगळ्यांच्या देखत हुंदके देऊन रडली. मग तिने रेडी दावणीला बांधली, देवळाकडे न वळता क्रांतीसमोर येऊन उभी राहिली आणि तिलाच हात जोडले. नातीच्या वयाची ती बाई ओशाळून दोन पावले मागे सरकली.