साखळीतला माणूस

बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा तो माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो. "चाय घ्या, चाय घ्या." "झाला काम, झाला काम." आमच्या कबड्डी संघात तो डावा कोपरा सांभाळतो. समोरचा चढाईला आला की साखळी करायला शेजारच्या गड्याचं मनगट धरायचं आणि म्हणत राहायचं, "मी हाय, मी हाय." ऐकून डोकं उठतं.

संघाचा प्रशिक्षक मी; हातखंब्याच्या स्पर्धेसाठी संघ मीच निवडला. मुंबईहून आलेली चार दांडगी पोरं घेतली आणि त्याला राखीव ठेवलं. "बरा केलात, बरा केलात," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सामन्यात ती पोरं एकेकटी झेपावत राहिली. कुणी कुणाचा हात धरेना, कुणी बोलेना. आमचे गडी भराभर बाद होऊ लागले. तो बाकावर माझ्या शेजारी होता. चढाई आली की त्याच्या नकळत तो माझंच मनगट आवळायचा आणि पुटपुटायचा, "मी हाय, मी हाय."

मनगट दुखायला लागलं, पण सोडवून घ्यायची लाज वाटली. शेवटी मोकळ्या हाताने मी पंचांकडे बदली मागितली.

"जा आत," मी त्याला म्हणालो.

"कोणाच्या जागेवर?" या वेळी त्याने एकदाच विचारलं.

मी सर्वांत दांडग्या पोराकडे बोट दाखवलं. ते धुसफुसत बाहेर आलं आणि माझ्या शेजारी बसलं. तो आत जाऊन कोपऱ्यात उभा राहिला.

समोरचा चढाईला आला. मी त्या पोराचं मनगट घट्ट धरलं.