रुसूबाईचं तोंड भिंतीकडे

नव्या सुनेला घरातल्या माणसांचे किस्से सांगतात म्हणे. आमच्या लोणावळ्याच्या घरात मला एका खोक्याचे सांगितले! दर रविवारी सकाळी मामंजींची मंडळी गाणी ऐकायला जमायची, मी आत चहा करायची, आणि गाळणीत चोथा साचावा तसे किस्से साचत जायचे.

आधी खोकं सांगते. मामंजी रेल्वेतून रिटायर झालेले. एका बंगल्याच्या रद्दीत त्यांना इंग्रजी मासिक सापडलं. त्यातल्या चित्रावरून त्यांनी कंबरेएवढी लाकडी पेटी बनवली. तिच्यात पाच स्पीकर. एक पुढे, आणि चार मागे, भिंतीकडे तोंड करून! आवाज भिंतीवर आपटून खोलीभर पसरतो, म्हणजे घरबसल्या जलसाच, असं त्या मासिकाचं म्हणणं.

*

औंढ्याचे धोंडूभाऊ दूध घालायला येत. पेटी पाहून ते दारातच थबकले.

"आबा, उलटी लावलीया का काय?"

"सुलटीच आहे."

"मंग रुसलीया म्हना की! भिताडाकडं त्वांड करून बसलीया!"

तेव्हापासून ती रुसूबाई.

*

चिक्कीवाले बापूशेठ तिचे भक्त. डोळे मिटून ऐकायचे. एकदा मध्येच उठले आणि कपाटामागे डोकावून आले. "आबा, शपथेवर सांगतो, बाई इथं उभी राहून गात होती!"

"मग खुर्ची द्या तिला," गुरुजी म्हणाले.

गुरुजी म्हणजे विरोधी पक्ष. सगळा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेलेला, त्यामुळे पुसट शब्द त्यांना खपायचा नाही. "गाणं एक वेळ ठीक. पण बातम्या लावल्या की बातम्या देणारा विहिरीत पडलाय आणि आपण काठावरून ऐकतोय असं वाटतं!"

रेकॉर्ड सुरू झाली की मामंजी दर वेळी विचारायचे, "ऐकू येतंय का?"

"येतंय हो! अजून बहिरे नाही झालो!" गुरुजी.

तरी मामंजी क्षणभर तसेच उभे राहायचे. मग बसायचे.

*

एकदा आमचे हे म्हणाले, "भिंतीवर कापड टांगलं तर घुमणं कमी होईल." आणि ट्रंकेतली एक गोधडी काढून टांगलीसुद्धा. रुसूबाई गप्पगार!

"पांघरून झोपली!" बापूशेठ म्हणाले. सगळे हसले.

मामंजी उठले. गोधडी उतरवली, चारी कोपरे जुळवून घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसून राहिले. सासूबाईंच्या लुगड्यांची होती ती. गोदावरी त्यांचं नाव. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्या गेल्या.

त्या दिवशी शेजारच्या सखूमावशी माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "गोदा कदी भायेर पुरुषांत बसली न्हाई गं. भायेर गानं लागलं की हितंच, ह्या भिंतीला पाठ लावून भाकऱ्या थापायची." मग म्हणाल्या, "करपायच्या पन लय!"

*

अखेर ह्यांनी निकाल लावायचं ठरवलं. तळेगावच्या कारखान्यातला ह्यांचा मित्र इंजिनीअर. तो म्हणेल ते खरं. रुसूबाई नापास झाली तर मागचे चारही स्पीकर काढायचे आणि तिला साधी, एकतोंडी करायची. मामंजी "बरं" म्हणाले.

इंजिनीअरने खोलीत टाळ्या वाजवल्या, भिंत ठोकून पाहिली, पेटी फिरवून ऐकली, पुन्हा फिरवून ऐकली.

"काका, डिझाइन खोटं नाही. पण त्याला भक्कम भिंत लागते. तुमचं हे तर फळ्यांचं पार्टिशन! अर्धा आवाज पलीकडे स्वयंपाकघरात जातोय. फुकट!"

"हो," मामंजी म्हणाले. "साधारण अर्धा."

*

पुढच्या रविवारी पेटी उघडायची होती. ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढून ठेवला होता. त्याआधी एक शेवटची रेकॉर्ड. रुसूबाईचं तोंड त्या दिवशी माणसांकडे केलेलं.

मी आत कणीक मळत होते. फडताळात सासूबाईंची एक पितळी वाटी आहे. दर रविवारी ती गाण्याबरोबर थरथरायची. मी मनातल्या मनात तिला तबलजी म्हणायची. आज तबलजी गप्प. गाणं दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी चालल्यासारखं, नुसती कुजबुज.

"ऐकू येतंय का?" मामंजींनी विचारलं.

"खणखणीत!" गुरुजी म्हणाले.

"एकेक शब्द!" हे म्हणाले.

मामंजी थांबले. मग पुन्हा विचारलं, "ऐकू येतंय का?"

लग्नाला सात महिने झाले होते. बाहेर मंडळी बसलेली असताना मी एक शब्द मोठ्याने बोलले नव्हते.

"नाही," मी म्हणाले.

मग फरशीवरून लाकूड ओढत नेल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. फडताळातली वाटी थरथरली.

आणि फळ्यांच्या अगदी पलीकडून, हळू, मामंजींचा आवाज आला.

"आता, गोदे?"